आमची वाटचाल: सांगलीतलं मुलांचं थेरपी सेंटर

आम्ही सुरुवात केली तेव्हा सेरेब्रल पाल्सीच्या (लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचाल बिघडलेल्या) मुलालाही मोठ्यांच्याच टेबलावर झोपवून पाय ओढले जायचे. मुलांच्या मापाचं साहित्य मुंबईहून मागवायचं, तर भाव ऐकूनच गप्प बसावं लागे. आमचे सुतारमामा भेटले म्हणून निभावलं. स्टँडिंग फ्रेमचा, म्हणजे मुलाला आधार देऊन उभं करायच्या चौकटीचा, फोटो दाखवला, तर म्हणाले, "फोटो राहू दे ताई, पोराचं माप द्या." टाचेपासून गुडघ्याच्या वाटीपर्यंत, वाटीपासून कमरेपर्यंत, मग छाती. सागवानी चौकट, गुडघ्यापुढे रेक्झिनची गादी, आणि पायाखालच्या फळीला खाचा. मूल वाढलं की फळी एक खाच खाली. पैसे हप्त्याने घेतले, तेही कधी मागून नाही.

पुढची वर्षं बरी गेली.

ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली. आमचं सेंटर तळमजल्यावर, आणि ते मुद्दाम घेतलेलं. दहा-बारा वर्षांचं पोर कडेवर घेऊन आईने जिने का चढायचे? पाणी ओसरल्यावर दार उघडलं, तर बोलस्टर (गोल लोड) आणि वेज (उतरती गादी) यांतला फोम चिखल पिऊन दगड झालेला. प्लायवुडच्या सीपी चेअर, म्हणजे या मुलांच्या आधाराच्या खुर्च्या, फुगून त्यांचे पदर सुटलेले, गुडघा सरळ धरणाऱ्या गेटरच्या वेल्क्रोत गाळ. फाइलींचा लगदा. मामांची सागवानी फ्रेम तेवढी धुऊन पुसून उभी राहिली.

आम्ही चिखल काढत होतो आणि पाणी न आलेल्या भागात एक चकचकीत सेंटर उघडलं. 'सहा महिन्यांत चालवून दाखवू', पॅकेज आगाऊ. वर त्यांची माणसं आमच्या पालकांना सांगत होती की आम्ही कायमचं बंद केलं. हे मला आजही सलतं. स्पर्धेला माझी ना नाही. पण जीएमएफसीएस (हालचालीच्या क्षमतेची वर्गवारी) लेव्हल पाचच्या, म्हणजे सगळ्यात गंभीर गटातल्या, मुलाला चालवायची गॅरंटी? दोन वर्षांपर्यंत आपलं आपण बसणारं मूल बहुधा चालतं. ज्याची मानच धरत नाही, त्याच्या आईला आधी नीट बसवणं, भरवणं, खुबा निखळू न देणं शिकवायचं असतं. तिला कर्जात घालायचं नसतं.

निम्मी मुलं त्या सेंटरकडे गेली. भाडं थकलं. सेंटर सोडायचं जवळजवळ ठरलंच होतं.

तेव्हा जतकडची एक आई एसटीने आली. मुलगा डायप्लेजियाचा, म्हणजे मुख्यतः दोन्ही पाय ताठ, टाचा उचलून चालणारा. पिशवीतून तिने वही काढली. प्रत्येक आईला आम्ही वही करायला लावायचो: गुडघा सरळ ठेवून घोटा किती अंश वर येतो, एएफओ (घोट्याला आधार देणारा स्प्लिंट) किती तास घातला. आमच्या फाइली गेल्या होत्या, तिच्या वहीत सगळं होतं. तिने इतर आयांना फोन केले आणि वह्या येऊ लागल्या. त्यावरून आम्ही पुन्हा फाइली बांधल्या. पॅकेज संपलेली मुलंही परतली, काहींचे घोटे पार आखडलेले.

2021 च्या जुलैत पुन्हा पाणी वाढलं, तेव्हा साहित्य आधीच माळ्यावर चढवलेलं होतं.

विचारलं नाहीत तरी सांगते. कोपराचं प्लास्टर निघालं की मुलाला तेल चोळायला, हात ओढून सरळ करायला नेऊ नका. जोर लावला तर स्नायूत हाड धरू शकतं आणि मग हात खरंच अडकतो. वाटीत शेंगदाणे द्या, त्याच हाताने खाऊ द्या. महिनाभरात हालचाल वाढली नाही, तर आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, मग आमच्याकडे या.