फोल्डर उघडेना, पुसलाही जाईना

आमच्या काकांच्या पेनड्राइव्हमध्ये गावच्या सप्ताहातल्या कीर्तनांचा फोल्डर होता. टीव्हीतून तो तसाच ओढून काढायची त्यांची सवय. परवा फोल्डर धड उघडेना. डिलीट केलं तर 'करप्टेड अँड अनरीडेबल' म्हणून संगणक हात वर करून मोकळा. आत डोकावलं तर चौकोन, हसरे चेहरे असली नावं आणि तारखा थेट पुढच्या शतकातल्या!

फॅट ३२ (पेनड्राइव्हवर फाइली मांडून ठेवायची एक पद्धत) मध्ये फोल्डर म्हणजे मुळात एक यादीच. प्रत्येक नोंद ३२ बाइटची : नाव, तारीख, आकार आणि फाइल कुठून सुरू होते तो क्रमांक. लिहिणं चालू असताना पेनड्राइव्ह ओढला आणि वीज तुटली की यादीत कचरा शिरतो. मग विंडोज पुसणार तरी काय?

यावर सगळे लगेच 'चेकडिस्क चालव' सांगतात, म्हणजे विंडोजचीच डिस्क तपासून दुरुस्त करणारी सोय. मी आधी रिकव्हरीच्या प्रोग्रॅमने निघतील तेवढ्या फाइली लॅपटॉपवर घेतल्या, कारण चेकडिस्क यादी सरळ करतो, फाइलींची काळजी करतो असं नाही. मग कमांड प्रॉम्प्टवर (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) चेकडिस्क, ड्राइव्हचं अक्षर आणि स्लॅश एफ, म्हणजे 'चुका दुरुस्त कर'. बिघडलेला फोल्डर गेला, 'फाउंड' नावाचा लपवलेला फोल्डर उगवला. त्यात सीएचके फाइली, म्हणजे चेकडिस्कला सापडलेले बेवारस तुकडे. त्यांच्या नावांना एमपी३ शेपूट लावलं, तर काही चक्क वाजल्या.

पेनड्राइव्ह फॉरमॅट करून दिलाय. काकांना 'इजेक्ट' करून पेनड्राइव्ह काढायला शिकवणं मात्र चुलतभावावर सोपवलंय.