शिकारीचा परवाना, चिनी मित्र आणि अमेरिकन रायफल: माझा अनुभव

एच-वन-बी व्हिसावर अमेरिकेत राहणाऱ्या माणसाला बंदूक विकत घेणंच काय, नुसती जवळ बाळगणंही कायद्याने बंद आहे. नेमबाजीच्या रेंजवर तासाभरासाठी भाड्याने घेतलेली बंदूकही यातून सुटत नाही. कायदा केंद्राचा आहे, त्यामुळे राज्य कुठलंही असो. सामान्य माणसाला परवडेल अशी पळवाट एकच: अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचा चालू शिकारीचा परवाना. तो जवळ असला की बंदी उठते. शिकारीला गेलंच पाहिजे अशी अट नाही. ह्यूस्टनमध्ये शिकारीचा परवाना पाकिटात घेऊन फिरणारे जे काही शाकाहारी असतील, त्यांत मी एक आहे, तो असा.

परवान्याचं खूळ माझं नाही, छनचं. छन माझ्या शेजारच्या डेस्कवर बसतो, मूळचा चोंगछिंगचा. चीनमध्ये शस्त्रांच्या शौकिनांना ‘जुनमी’ म्हणतात. आपल्याकडे ट्रेनवेडे असतात, इंजिनाचा भोंगा ऐकून नंबर सांगणारे, तसला हा प्रकार. छन शाळेत असल्यापासून बंदुकांची मासिकं वाचत आला. एआर-१५ या अमेरिकन रायफलीचा कुठला स्क्रू कुठे बसतो, कुठली कंपनी नळीला कसला लेप देते, कुणाचा हँडगार्ड, म्हणजे नळीभोवतीचं आवरण, हलका, हे त्याला तोंडपाठ. आणि खरी रायफल हातात घेतली होती ती फक्त कॉलेजच्या पहिल्या वर्षी, सक्तीच्या सैनिकी प्रशिक्षणात. तेव्हाही मोजून पाच गोळ्या, आणि झाडलेल्या पुंगळ्या मोजून परत घेतल्या.

एवढं वेड असून तिथे ते भागवायला वाव जवळजवळ नाही. १९९६च्या कायद्याने सामान्य नागरिकाच्या हाती बंदूक येण्याची वाट बंद केली. पुढे पोलिसांनी ‘बंदूक’ कशाला म्हणायचं याचा मापदंड इतका खाली आणला, की छर्रा प्रति चौरस सेंटिमीटर १.८ ज्यूलच्या वर ऊर्जेने सुटला की खेळण्याचीही बंदूक होते. तियानजिनमध्ये रस्त्याच्या कडेला फुगे फोडायचा स्टॉल चालवणाऱ्या एका बाईला २०१६ साली यावरून साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. बोभाटा झाला तेव्हा कुठे वरच्या कोर्टाने ती तीन वर्षांवर आणून स्थगित ठेवली. आपल्या जत्रेतल्या फुगेवाल्याला कुणी आत टाकलंय, कल्पना करून बघा! फुजियानमधल्या एका अठरा वर्षांच्या पोराने तैवानहून ऑनलाइन नकली बंदुका मागवल्या. पार्सल कस्टममध्ये अडकलं आणि २०१५मध्ये पोराला जन्मठेप झाली. फेरसुनावणीत ती सव्वासात वर्षांवर आली. छनच्या पिढीतल्या शौकिनांना ही दोन्ही प्रकरणं तारखांसकट पाठ आहेत.

मला हे वेड परकं वाटलं पाहिजे होतं, पण वाटलं नाही. मी वरणगावचा. बाबा तिथल्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते, लहान शस्त्रांची काडतुसं बनवणाऱ्या. आमचं सगळं बालपण फॅक्टरीच्या भोंग्यावर चाललं, पण काडतूस घरात कधी आलं नाही. गेटवर झडती असायची. एनसीसीत पॉइंट टू-टू रायफल पालथं पडून चालवली तेवढीच. आणि छनचे आजोबा? चोंगछिंगच्या जियानशे कारखान्यात. आता लोक त्या कारखान्याला मोटारसायकलींसाठी ओळखतात, पण मूळचा तो रायफलींचा. ही ओळख निघाल्यावर छन म्हणाला, “मग तू आलंच पाहिजेस.” आणि मी हो म्हणालो.

टेक्सासात २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकार करायची तर ‘हंटर एज्युकेशन’ झालेलं असावं लागतं. प्रौढांना ते ऑनलाइन करता येतं. आम्ही तो कोर्स आधीच उरकून घ्यायचं ठरवलं, आणि मला तो चक्क आवडला. निम्मा भाग सुरक्षेचा: प्रत्येक बंदूक भरलेली आहे असंच समजा, नळीचं तोंड सुरक्षित दिशेला, लक्ष्याच्या मागे काय आहे ते बघा, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर. कुंपण ओलांडताना बंदूक आधी पलीकडे कशी ठेवायची याचंसुद्धा चित्र आहे. उरलेला भाग हरणाचा. त्याचं काळीज नेमकं कुठे असतं, गोळी लागल्यावर रक्ताचा माग कसा काढायचा, मांस नासू नये म्हणून पोट लगेच कसं साफ करायचं. मी वरणभात खाता खाता ही प्रकरणं पुढे ढकलत होतो. बायकोने एकदा स्क्रीनकडे बघितलं आणि ताट उचलून आत गेली.

परवाना खेळाच्या सामानाच्या दुकानात काउंटरवर मिळतो. टेक्सासात सहा महिने राहिलं की रहिवासी, आणि रहिवाशाला २५ डॉलर. बाईंनी ड्रायव्हिंग लायसन्स घेतलं, दोन-चार प्रश्न विचारले आणि मशीनमधून लांबलचक कागद बाहेर यायला लागला. खाली हरणाचे आणि टर्कीचे टॅग, मारलं की फाडून जनावराला बांधायचे. माझ्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यातच बाबांचं नाव चिकटलेलं आहे, ते सगळं त्या कागदावरही उतरलं. म्हणजे कागदोपत्री बाबांनाही टर्की मारायची मुभा मिळाली.

त्याच सुमारास छनचा मामेभाऊ टूरिस्ट व्हिसावर आला. त्यालाही तोच कायदा लागू. परराज्यातल्या-परदेशातल्या लोकांसाठी पाच दिवसांचा परवाना असतो, ४८ डॉलरचा, आणि कोर्स न केलेल्याला १० डॉलर भरून तो पुढे ढकलता येतो. ग्रँड कॅन्यन, डिस्नी वगैरे त्याच्या यादीत खाली होतं. सगळ्यात वर रेंज. चीनमध्ये जेलीसारख्या मऊ गोळ्या उडवणाऱ्या खेळण्यातल्या बंदुका मिळायच्या, अमेरिकन रायफलींच्या हुबेहूब नकला, कंपनीचं नाव आणि खोटा सिरियल नंबरही कोरलेला. त्याच्याकडे तसल्या बऱ्याच होत्या, पुढे धरपकड सुरू झाली तेव्हा आईने त्या तोडून कचऱ्यात टाकल्या.

रेंजवर आधी जबाबदारीच्या कागदावर सही, मग सुरक्षेचा व्हिडिओ, मग परवाना दाखवा. काउंटरवरच्या माणसाने आमचे तिघांचे ताजे करकरीत कागद बघितले आणि “हरणं यंदा वाचली म्हणायची” असं काहीतरी पुटपुटला. भाड्याची एआर-१५ टेबलावर आली तसा भाऊ गप्प झाला. त्याने ती उचलली, मॅगझिन काढलं, बोल्ट मागे ओढून आत बघितलं, बोट चापापासून लांब. सगळं इतकं सफाईने, की रेंज ऑफिसरने विचारलं, फौजेत होतास का? मग पहिली गोळी झाडली, आणि त्याने रायफल खाली ठेवली. दणका काहीच नाही म्हणाला, तो माहीत होता. आवाज माहीत नव्हता. बंदिस्त रेंजवर तो आवाज कानांवरच्या मफमधून छातीत शिरतो. तो थोडा वेळ मागच्या बाकावर जाऊन बसला, मग उठला आणि पेटी संपेपर्यंत थांबला नाही.

शेजारच्या लेनमध्ये एक म्हातारे गृहस्थ लाकडी दस्त्याची जुनी एसकेएस रायफल घेऊन आले होते. छन चिनी आहे कळल्यावर त्यांनी ती त्याच्या हातात दिली. बाजूला त्रिकोण कोरलेला, त्रिकोणात २६. हा जियानशेचा शिक्का. आजोबांच्या कारखान्याची रायफल छनने आयुष्यात पहिल्यांदा बघितली ती टेक्सासात. १९८०च्या दशकाच्या शेवटी या चिनी रायफली अमेरिकेत मातीमोल भावाने विकल्या जायच्या. १९९४मध्ये क्लिंटन सरकारने चिनी शस्त्रांची आयात थांबवली, आणि आता त्याच रायफलींना जमवणारे लोक चांगले पैसे मोजतात. म्हातारेबुवांनी छनला दहा गोळ्या दिल्या आणि पैसे घेतले नाहीत.

रेंजनंतर छनला स्वतःची रायफल हवी झाली. इथे मला एक गोष्ट कळली, जी या सगळ्या चिनी वेडाच्या मुळाशी आहे असं माझं मत झालंय. अमेरिकन कायद्याच्या नजरेत एआर-१५ म्हणजे फक्त ‘लोअर’, चाप जिथे बसतो तो सिरियल नंबर कोरलेला ॲल्युमिनियमचा सांगाडा. तेवढा परवानाधारक दुकानातून, फॉर्म भरून घ्यायचा. नळी, दस्ता, हँडगार्ड, स्प्रिंगा सगळं कुरिअरने घरी येतं, पुस्तकं यावीत तसं. युजीन स्टोनरने १९५०च्या दशकात या रायफलीचा आराखडा केला, कोल्टने १९६४पासून ती नागरिकांना विकली, पेटंट संपल्यावर शेकडो कंपन्या तिचे भाग बनवू लागल्या, आणि बहुतेक भाग एकमेकांत बसतात. लोकांना वाटतं छनसारख्यांना गोळीबाराचं आकर्षण आहे. मला तसं दिसलं नाही. सुटा भाग आपल्या पत्त्यावर, आपल्या नावाने येतो आणि दारावर पोलीस येत नाहीत, याची त्याला नशा होती. चीनची एक सरकारी कंपनी याच रायफलीची नक्कल वर्षानुवर्षं निर्यात करते. छनच्या मते ती नक्कल वाईट नाही, पण चिनी माणसाला ती घेता येत नाही.

खरेदी मात्र सरळ झाली नाही. पहिल्या दुकानाने “व्हिसावाल्यांना आम्ही विकत नाही” म्हणून वाटेला लावलं. तो त्यांचा हक्क आहे. दुसऱ्या दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरला. त्यात स्पष्ट विचारतात: तुम्ही नॉन-इमिग्रंट व्हिसावर आहात का? असाल तर अपवादात बसता का? त्याखाली आय-९४, म्हणजे देशात आल्याच्या नोंदीचा नंबर, सोबत शिकारीच्या परवान्याची प्रत. दुकानदाराने एफबीआयकडे चौकशी पाठवली. नागरिकांना बहुधा काही मिनिटांत उत्तर येतं. परदेशी माणसाची इमिग्रेशनचीही नोंद तपासतात, म्हणून ‘डिलेड’ आलं. तीन कामाचे दिवस उलटून उत्तर नाही आलं तर कायद्याने दुकानदार माल देऊ शकतो, पण या दुकानदाराने होकार आल्याशिवाय द्यायचं नाही असं ठरवलेलं. मला ते पटलं. छनला अजिबात पटलं नाही. तो दर तासाला फोन बघायचा. होकार आला तेव्हा आम्ही मीटिंगमध्ये होतो. तो उठून बाहेर गेला.

आमच्या घरी बंदूक येणार नाही, हे बायकोने कोर्सच्या वेळीच सांगितलं होतं, आणि त्यावर माझा वाद नव्हता. उवाल्डी इथून गाडीने काही तासांवर आहे. २४ मे २०२२ रोजी तिथल्या शाळेत १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या, अठरा वर्षांच्या मुलाने कायदेशीर विकत घेतलेल्या याच जातीच्या रायफलीने. छनच्या मामेभावाची जी कंपनी सगळ्यात लाडकी, तिचीच होती ती. त्या दिवशी रेंजवरून परतताना मी विषय काढला. त्याला माहीत होतं. चिनी टीव्हीवर असल्या बातम्या तपशीलवार दाखवतात. तो म्हणाला, “तुम्ही हे दोन्ही एकत्र कसं सहन करता?” गाडीत आम्ही तिघंही व्हिसावाले. “तुम्ही” कुणाला म्हणाला ते मी विचारलं नाही.

बाबांना मात्र वेगळंच कुतूहल. व्हिडिओ कॉलवर मी रेंजवरून आणलेली पुंगळी दाखवली. “बूड दाखव.” दाखवलं. “आता तोंड. उजेडात धर. निळसर-तपकिरी डाग आहे?” होता. “ॲनिलिंग. तोंड तडकू नये म्हणून तापवतात. फौजेच्या मालावर तो डाग ठेवतात, पुसत नाहीत. आमचाही असाच.” मग चष्मा वर करून म्हणाले, “पण हे भाव काय घेतात रे एका गोळीला?” आकडा ऐकून त्यांनी आईला हाक मारली आणि तिलाही सांगितला.

परवाना कधीही काढा, ३१ ऑगस्टला संपतो. छनने त्याचा रिमाइंडर लावून ठेवलाय, कारण नूतनीकरण राहिलं तर कपाटातली रायफल त्याच दिवशी गुन्हा ठरते. नोकरी गेली आणि व्हिसाची मुदत उलटली तर परवाना असूनही तेच; गेल्या कपातीच्या वेळी त्याने आधी वकिलाला फोन केला, मग बायकोला. ग्रीन कार्ड आलं की या अटी सुटतात. चीनची रांग भारताच्या रांगेपेक्षा बरीच लहान आहे, तेव्हा तो आधी सुटेल. माझे दर सप्टेंबरला २५ डॉलर चालू आहेत.