सवॉनी 1899: नोंद सहावी, न्यू ऑर्लिन्सपर्यंत

सवॉनी या अमेरिकन कॉलेजचा 1899 चा फुटबॉल मोसम मी पटावर फाशांनी पुन्हा खेळतोय. त्यातला टुलेन युनिव्हर्सिटीविरुद्धचा सामना काल रात्री संपला. सवॉनी 11, टुलेन 5. खरा निकाल 23-0 होता, पण पहिल्या खेपेला माझ्या पटावर सवॉनी हाच सामना हरली होती. म्हणून या 11-5 चा मला फार आनंद आहे.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. टेनेसीतल्या डोंगरमाथ्यावर युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ हे छोटं कॉलेज आहे, गावाच्या नावावरून सगळे त्याला सवॉनीच म्हणतात. 1899 च्या मोसमात त्यांचा अमेरिकन फुटबॉलचा संघ 12 पैकी 12 सामने जिंकला: गुण 322, विरुद्ध फक्त 10. त्यातही नोव्हेंबरचा दौरा म्हणजे कमाल. 9 तारखेला ऑस्टिनमध्ये टेक्सास, 10 ला ह्यूस्टनमध्ये टेक्सास ए अँड एम, 11 ला न्यू ऑर्लिन्समध्ये टुलेन, रविवारी सुट्टी, 13 ला बॅटन रूजमध्ये एलएसयू (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी), 14 ला मेम्फिसमध्ये ओल मिस (मिसिसिपी युनिव्हर्सिटी). सहा दिवसांत पाच सामने, सुमारे 4000 किलोमीटर रेल्वेप्रवास, 21 खेळाडू, आणि पाचही प्रतिस्पर्ध्यांना शून्य. तिकिटांच्या पैशांवरून व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटीशी बिनसलं आणि तो सामना रद्द झाला, तेव्हा मॅनेजर ल्यूक लीने हा दौरा जुळवला. हाच मोसम मी फाशांवर पुन्हा खेळतोय.

आधी मैदानाबद्दल. जुना सनबोर्ड फेकून नवा कापला, कारण मी आजचं मैदान आखून बसलो होतो. तेव्हा मैदान 110 यार्ड लांब होतं आणि एंड झोन (गोलरेषेमागचा पट्टा) नव्हताच, गोलपोस्ट थेट गोलरेषेवर. एका यार्डाला 5 मिलिमीटर धरले, म्हणजे लांबी 55 सेंटिमीटर. दर अडीच सेंटिमीटरला पांढरी रेघ, दोन्ही गोलरेषा धरून 23. बारीक ब्रशने आखायला दोन संध्याकाळी गेल्या, पण आता प्यादं पुढे सरकवताना पाच यार्ड केवढे असतात ते बोटांना कळतं. तीन डाउनमध्ये, म्हणजे चेंडू पुढे नेण्याच्या तीन प्रयत्नांत, तेवढेच काढायचे. फॉरवर्ड पास (चेंडू हाताने पुढे फेकणं) 1906 पर्यंत नियमातच नव्हता, त्यामुळे माझ्या तक्त्यात तीनच चाली आहेत: मधून घुसणं, कडेने पळणं, लाथ मारणं. टचडाउनला (चेंडू गोलरेषेपार नेण्याला) 5 गुण, त्यानंतर लाथेने मारलेल्या गोलला 1.

खरी झटापट थकव्याशी होती. प्रत्येक प्याद्याला 10 दम. सामन्याला 3 जातात, स्लीपर डब्यातल्या रात्रीत 1 परत येतो. गेलेला दम मी प्रत्येक फाशातून वजा करत होतो, आणि तिसऱ्या सामन्यात सवॉनी पार कोलमडायची. चूक दोन ठिकाणी होती. एक, मी समोरच्या संघाला थकूच देत नव्हतो. 35 मिनिटांचे दोन डाव, आणि बाहेर गेलेल्याला परत येता येत नाही. ताजा संघही शेवटी धापा टाकणारच. दोन, सवॉनीचा थकवा सामन्याच्या पहिल्या मिनिटापासून दिसायला नको. आता वजाबाकी फक्त उत्तरार्धात, आणि दोन्ही बाजूंना. तेवढ्या बदलाने टुलेनचा सामना फिरला. शेवटची दहा मिनिटं दोन्ही संघ दोन-दोन यार्डांसाठी झगडत होते.

आता कॅप्टन हेन्री सायबल्सची काळजी आहे. टेक्सासविरुद्ध त्याचं डोकं फुटलं होतं, तरी तो खेळत राहिला. त्या इजेचा मी एक दम जास्त कापला, त्यामुळे टुलेननंतर तो 2 वर आहे. रविवारच्या सुट्टीचे, रात्री धरून, 3 मिळून 5. एलएसयूला 3 जातील, मेम्फिसच्या गाडीत 1 येईल. पुन्हा इजा झाली नाही, तर ओल मिसच्या शेवटच्या शिट्टीला त्याचा दम बरोबर शून्यावर येतो. मी त्याला बसवणार नाही. येत्या शनिवारी पटावर बॅटन रूजचा सामना.