सर, फळा आणि ३१ ऑक्टोबर

हीरक महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी ‘शाळेच्या आठवणी’ लिहून पाठवा, असं पत्र आलं. आठवणी पुष्कळ आहेत, पण लिहायला बसलं की सरच पुढे येऊन उभे राहतात. त्यांचं नाव लिहीत नाही. आमच्या काळात नुसतं ‘सर’ म्हटलं की कोण, हे शिपाईमामांपासून सगळ्यांना ठाऊक होतं.

१९८४ची दिवाळी होऊन आठवडा झाला होता. सुट्टीच होती, पण सातवीच्या स्कॉलरशिपचे जादा तास सर सुट्टीतही घेत, तेही एक पैसा न घेता. त्या बुधवारी गणिताचा तास चालू असताना कोणीतरी धावत सांगत आलं, ‘इंदिराबाईंना गोळ्या घातल्या!’ आम्हाला वाटलं, आता घरी सोडतील. सरांनी ऑफिसातला ट्रान्झिस्टर आणला, गणितं पुसली आणि फळ्यावर तीन रकाने आखले: किती वाजता, काय, कोणी सांगितलं.

दुपारी बीबीसीने निधनाची बातमी दिली. खरखरीतून ऐकू येणारं इंग्रजी सर आम्हाला मराठीत सांगत होते. आकाशवाणी मात्र ते सांगेना. सरांनी दोन्ही लिहिलं. ‘बीबीसी: निधन. आकाशवाणी: अजून नाही.’ एकाने विचारलं, ‘सर, मग खरं काय?’ सर म्हणाले, ‘दोन्ही राहू दे फळ्यावर.’ आकाशवाणीने संध्याकाळी सहाला सांगितलं, तेव्हा सरांनी तीही वेळ लिहिली. मग खुर्चीत बसले आणि चष्मा काढून डोळे पुसले. सरांना रडताना मी तेवढंच पाहिलं. बंगालच्या दौऱ्यावर असलेल्या राजीव गांधींनीही आईची खबर बीबीसीवरच ऐकली, हे पुढे वाचलं तेव्हा तो फळा डोळ्यांसमोर आला.

पुढच्या दिवसांत एसटी स्टँडवर काय काय उठत होतं! पंजाबातून प्रेतांनी भरलेल्या गाड्या आल्या, दिल्लीच्या पाण्यात विष कालवलं. सर एवढंच विचारत, ‘गाडी पाहिली कोणी?’ त्या आठवड्यात ते रोज संध्याकाळी हायवेवरच्या सरदारजींच्या ढाब्यावर चहाला जाऊन बसत. घरचा चहा सोडून इतक्या लांब कशाला जातात, म्हणून आम्ही हसायचो. त्याच अफवांच्या आगीत एकट्या दिल्लीत सरकारी आकड्यानुसार २,७३३ शीख माणसं मारली गेली, हे कळायला मला कॉलेजात जावं लागलं.

आज मी वीज खात्यात अधीक्षक अभियंता आहे. हाताखाली बराच स्टाफ आहे, आणि फॉल्ट झाला की मी पहिलं विचारतो, ‘कोणी पाहिलं?’ माझ्या माघारी पोरं त्याची नक्कल करतात, ते मला माहीत आहे. पण बातम्यांवरचा विश्वास उडाला तो २००८च्या नोव्हेंबरात. नरिमन हाऊसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून उतरणारे कमांडो वाहिन्या थेट दाखवत होत्या आणि कराचीत बसलेले सूत्रधार टीव्ही बघून फोनवर हुकूम सोडत होते. कसाबच्या निकालात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने या थेट प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. काही फरक पडला? १९८४मध्ये बातमी दाबली म्हणून आम्ही चिडलो होतो. आता न झालेलीही ऐकवतात, वर पार्श्वसंगीत लावून. घरचा टीव्ही मी फक्त क्रिकेटपुरता ठेवला आहे.

मागच्या वर्षी शाळेत येऊन गेलो. इमारत छान झाली आहे, स्मार्ट बोर्ड आले आहेत. ग्रंथालयाबाहेरचा वर्तमानपत्रांचा स्टँड मात्र दिसला नाही. त्याच्यासमोर उभं करून सर आम्हाला एकच बातमी दोन पेपरांत वाचायला लावत. तिथे आता फ्लेक्स आहे. नवा स्टँड करून द्यायला आणि दोन पेपरांची वर्गणी दरवर्षी भरायला मी तयार आहे. पेपर कोणते घ्यायचे ते मात्र शाळेने ठरवावं. माझी निवड एकांगी असते, असं आमच्या घरातल्यांचं म्हणणं आहे.