तुम्ही विचारलेत म्हणून : निवृत्तीनंतरचे राजकारण

“सर, अठ्ठावन्नाव्या वर्षी सन्मानाने निवृत्त झालात, पेन्शन सुरू झाली, मग या वयात राजकारणात पडायची काय गरज होती?” हा प्रश्न मला लग्नाच्या मांडवात, एसटीत आणि बँकेच्या रांगेतही विचारला जातो. माझे राजकारण म्हणजे शिक्षक मतदारसंघातून लढवलेली आणि हरलेली एकच निवडणूक; तरीही तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो.

कारण एका शब्दाचे आहे. ‘कायम विनाअनुदानित’, म्हणजे शिक्षकांच्या पगारासाठी सरकारी अनुदान कधीच न मिळणाऱ्या, शाळांच्या धोरणातील ‘कायम’ हा शब्द शासनाने २००९ मध्ये वगळला. पण शब्द गेला म्हणून पगार आला नाही. आधी मूल्यांकन, मग यादी, मग वीस टक्के अनुदानाचा टप्पा, आणि प्रत्येक टप्प्याला नवा शासन निर्णय. आमच्या तालुक्यातील अशाच एका शाळेत विज्ञान शिकवणारा माझा एक माजी विद्यार्थी पहाटे दुधाच्या कॅन घालून मग वर्गावर जात असे. त्याच्या वैयक्तिक मान्यतेची, म्हणजे नेमणुकीला शिक्षण खात्याने द्यायच्या मंजुरीची, फाइल घेऊन मी कार्यालयांच्या पायऱ्या झिजवल्या, तेव्हा कळले की ही अडचण कारकुनाच्या टेबलावर नव्हे, निर्णयाच्या मसुद्यातच जन्माला येते.

राज्यघटनेच्या १७१व्या कलमाने विधान परिषदेत शिक्षकांना स्वतंत्र प्रतिनिधित्व दिले असून महाराष्ट्राच्या ७८ जागांपैकी ७ जागा त्यांच्या आहेत. मतदार मात्र माध्यमिक किंवा त्यावरील स्तरावर शिकवणाराच लागतो. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतील गुरुजींना इथे मत नाही, ही गोष्ट मला आजही खटकते. उलट, उमेदवार शिक्षक असलाच पाहिजे अशी अट नाही. मतदाराने मागील सहा वर्षांत किमान तीन वर्षे अध्यापन केलेले असावे लागते. मी निवृत्तीनंतर चौथ्या वर्षी अर्ज भरला, त्यामुळे मला उभे राहता येत होते, पण स्वतःला मत देता येत नव्हते. गणिताच्या शिक्षकाची पहिली वजाबाकी तिथेच झाली.

फर्ग्युसनमध्ये इंग्रजी शिकवलेले ग. प्र. प्रधान पुण्याच्या पदवीधर मतदारसंघातून परिषदेवर गेले आणि तिथे विरोधी पक्षनेतेही झाले. तसे काही आपल्या हातून होईल असा भ्रम मला नव्हता. सभागृहात नेमका प्रश्न विचारता यावा, एवढीच इच्छा होती. प्रचाराबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. ज्या संघटनेने आधी पाठिंब्याचे पत्र दिले, तिनेच आठवड्याने माघार घेण्याचा सल्ला दिला, आणि मी तो मानला नाही.

मतमोजणी मात्र विसरता येत नाही. इथे शिक्का किंवा बटण नसते. केंद्रावर दिलेल्या जांभळ्या स्केचपेनाने नावापुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहायचे असतात. बाद मतांच्या ट्रेमध्ये मी डोकावलो, तर काही मतपत्रिकांवर आकड्याऐवजी बरोबरची खूण होती. वर्षानुवर्षे उत्तरपत्रिका तपासून हाताला लागलेले वळण तिथेही सुटले नव्हते, आणि त्यातील दोन खुणा माझ्याच नावापुढे होत्या! वैध मतांच्या निम्म्याहून एक अधिक हा कोटा कोणालाच गाठता आला नाही, तेव्हा तळाचे उमेदवार एकेक करून बाद होऊ लागले. मध्यरात्रीनंतर माझी पाळी आली. कर्मचाऱ्याने माझ्या गठ्ठ्याचे रबर काढले आणि एकेक पत्रिकेवरील दुसरी पसंती मोठ्याने वाचत माझी मते इतरांच्या खणांत वाटून टाकली. आपल्यावर विश्वास ठेवणाऱ्याने आपल्यानंतर कोणावर ठेवला आहे, हे मी समोर बसून ऐकत होतो.

त्यानंतर उभा राहिलो नाही, पण फाइली येतच राहिल्या. अधिवेशनापूर्वी निवडून आलेल्यांपैकी कोणीतरी फोन करून संचमान्यतेवर (शाळेतील शिक्षकपदांच्या मंजुरीवर) किंवा शालार्थ आयडीवर (ऑनलाइन पगारासाठी लागणाऱ्या क्रमांकावर) तारांकित प्रश्नाचा, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाचा, मसुदा मागतो आणि मी तो लिहून देतो. प्रश्न छापून येतो त्यांच्या नावाने. दुधाच्या कॅन घालणारा विद्यार्थी आता चाळीस टक्क्यांच्या टप्प्यावर आहे. पहाटेची फेरी त्याने अजून सोडलेली नाही.