सगळ्यांच्या नजरा आपल्यावर असतात तेव्हा

"ताई, तिकडे लोक टक लावून बघतात म्हणे. खरंय का गं?" सातपूरला राहणाऱ्या माझ्या आतेबहिणीने फोनवर विचारलं. तिचं नर्सिंग झालंय आणि सध्या ती जर्मनच्या क्लासला जाते. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून नाशिकमधून असे फोन मला बरेच येतात. पगार किती, थंडी किती, शाकाहारी जेवण मिळतं का, हे प्रश्न नेहमीचेच. हा प्रश्न मात्र फार कमी जण विचारतात, आणि मला वाटतं निघण्याआधी तोच विचारायला हवा.

हो, बघतात. मी राहते ते गाव याच राज्यातल्या श्वाबेन भागातलं आहे. एक चर्च, दोन बेकऱ्या आणि मशीनचे सुटे भाग बनवणारे पाच-सहा कारखाने. त्यातल्या एकात मी काम करते. जवळचं मोठं शहर स्टुटगार्ट. तिथे जवळपास निम्म्या लोकांचं मूळ जर्मनीबाहेरचं, त्यामुळे तिथे माझ्याकडे कोणी मान वर करूनही बघत नाही. संध्याकाळच्या लोकल गाडीने गावात उतरले की बघणं सुरू होतं. बसथांब्यावरच्या आजी बघतात, सायकलवरची मुलं बघतात, बागेत पाणी घालणारे काका हातातली नळी तशीच धरून बघत राहतात. आपण त्यांच्याकडे बघितलं तरी नजर हटत नाही. सुरुवातीला सगळ्यात जास्त त्रास झाला तो याचाच.

नाशिकमध्ये वाढलेल्या मुलीला नजर ओळखायला कोणी शिकवावं लागत नाही. सीबीएसवर बसची वाट बघताना, क्लास सुटल्यावर शालिमारला रिक्षा शोधताना, कोण सहज बघतंय आणि कोण मुद्दाम, हे पाठमोरं असतानाही कळतं. आपण ओढणी सारखी करतो, मोबाइलमध्ये डोकं घालतो, पाय उचलतो. आपल्याकडे सहज बघणारा माणूस पकडला गेला की नजर वळवतो. जो वळवत नाही, त्याच्यापासून लांब राहायचं, हे डोक्यात पक्कं बसलेलं. या गावात तर कोणीच नजर वळवत नव्हतं. छातीत धडधड व्हायची, घरी येऊन दार लावलं की हायसं वाटायचं, आणि बघणारी तर सत्तरीतली, काठी टेकत चालणारी बाई असायची. डोक्याला कळत होतं की या बाईपासून मला काही धोका नाही. अंगाला ते पटायला पुष्कळ दिवस लागले, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. ज्या सवयीने आपल्याला इतकी वर्षं सांभाळलं, ती विमानतळावर उतरवून ठेवता येत नाही.

"कोणी बघत नसतं गं, आपल्यालाच तसं वाटतं," असं समजावणारे खूप भेटले. यामागे एक खरा अभ्यास आहे. अमेरिकेत टॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना एका गायकाचं चित्र असलेला, घालायला अवघड वाटेल असा टीशर्ट घालून वर्गात पाठवलं. निम्म्या लोकांच्या तरी तो लक्षात आला असेल असं त्यांना वाटलं; प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या लक्षात आला होता. पण ते विद्यार्थी आपल्यासारख्याच दिसणाऱ्या मुलांमध्ये बसले होते. जिथे पूर्ण बसमध्ये सावळी मी एकटीच असते, तिथे लोक खरोखर बघत असतात. ते मान्य केलं की निदान स्वतःच्या डोळ्यांवर शंका घ्यावी लागत नाही. परदेशात राहणाऱ्या आपल्या मुलामुलींना कृपया "तुझा भास आहे" असं सांगू नका.

मला खरी वाट सापडली ती जिन्यात. श्वाबेनमध्ये जिना झाडण्या-पुसण्याची पाळी असते, तिला केरवोख म्हणतात. ज्या घराची पाळी त्याच्या दारावर आठवडाभर एक पाटी लटकते. माझ्या पाळीत खालच्या मजल्यावरच्या बाई दार उघडून उभ्या राहायच्या आणि मी कठड्याखालचा कोपरा पुसते की नाही ते बघायच्या. मला वाटायचं, मी परदेशी म्हणून हा पहारा. पुढच्या आठवड्यात वरच्या मजल्यावरचा, याच गावात जन्मलेला मुलगा जिना पुसत होता, आणि बाई त्याच दारात, त्याच नजरेने उभ्या होत्या. मग मी लक्ष ठेवायला लागले. सिग्नल लाल असताना रस्ता ओलांडणाऱ्याकडे सगळे रोखून बघतात. रविवारी काचेच्या बाटल्या कचराकुंडीत टाकायला निघालेल्याकडे बघतात, कारण आवाज होतो आणि रविवारी शांतता पाळायची असते. इथली माणसं एकमेकांवरही डोळा ठेवून असतात. इथे नजरेला नजर भिडवणं उद्धटपणाचं मानत नाहीत. ग्लासला ग्लास लावताना डोळ्यांत बघितलं नाही तर सहकारी हटकतात. उलट खाली बघून बोलणारा काहीतरी लपवतोय असं त्यांना वाटतं. बहिणीला मी हेच सांगितलं: मुलाखतीत आणि पेशंटशी बोलताना मान वर ठेव.

दुसरी गोष्ट नमस्काराची. या भागात 'ग्र्यूस गॉट' म्हणतात. डॉक्टरांकडे वेटिंग रूममध्ये शिरताना बसलेल्या सगळ्यांना मिळून एकदा म्हणायचं, जिन्यात भेटेल त्याला म्हणायचं, छोट्या गावात रस्त्यावरही म्हणायचं. बघणाऱ्याला मीच आधी नमस्कार करायला लागले आणि दहातल्या आठ-नऊ चेहऱ्यांवरचा ताण तिथेच सैल झाला. आपण कोण, कुठल्या, बोलतो का, हे त्यांना कळत नव्हतं, आणि विचारायचं कसं हेही कळत नव्हतं. आपल्याकडे अनोळखी माणसाला "कुठले तुम्ही?" असं सरळ विचारून मोकळे होतात. इथे ते विचारणं अगोचरपणाचं वाटतं, म्हणून नुसते बघत राहतात.

२०२५ चा पाडवा रविवारी आला होता. सगळे घरी. मी बाल्कनीच्या कठड्याला काठी बांधली, तिला आईने दिलेली मोरपिशी पैठणी नेसवली, वर तांब्या उपडा घातला. कडुलिंब नव्हता, म्हणून तमिळ दुकानातून आणलेल्या कढीपत्त्याच्या डहाळ्या बांधल्या. गाठी नाशिकहून आलेली, तिचे दोन पदक वाटेत फुटलेले. हळदीकुंकू लावून मागे वळले तर समोरच्या इमारतीतल्या चार खिडक्यांत माणसं, आणि खाली त्याच केरवोखवाल्या बाई, कमरेवर हात ठेवून. पोटात गोळा आला. म्हटलं, आता तक्रार येणार. मग मीच वाकून 'ग्र्यूस गॉट' म्हटलं आणि मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं की आज आमचं नवीन वर्ष. बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "एवढं सुंदर रेशीम पावसात भिजलं तर?" आणि घरात जाऊन प्लॅस्टिकचा कागद घेऊन आल्या. संध्याकाळी गुढी उतरवली तेव्हा त्या वर आल्या, गाठीचा तुकडा खाल्ला आणि पैठणीचा पदर कितीतरी वेळ बोटांनी चाचपत बसल्या.

सगळंच असं गोड नाही. एक नजर द्वेषाची असते आणि ती ओळखू येते. तिच्यासोबत पुटपुटणं असतं, अंगावर येऊन उभं राहणं असतं. रात्रीच्या गाडीत हे मी अनुभवलंय. तिथे नमस्कार करायचा नाही, समजून घेत बसायचं नाही. उठायचं, जिथे माणसं आहेत तिथे किंवा ड्रायव्हरच्या केबिनजवळ जायचं. पोलिसांचा नंबर ११०. मदत मागताना सगळ्यांना उद्देशून ओरडण्यापेक्षा एकाच माणसाला धरायचं: "निळ्या जॅकेटवाले तुम्ही, मला मदत करा." आणि त्रास देणाऱ्याशी बोलताना मोठ्याने, 'झी' हे आदरार्थी रूपच वापरायचं, म्हणजे आजूबाजूच्यांना कळतं की हे दोन ओळखीच्यांमधलं भांडण नाही. नुसतं बघण्याविरुद्ध कायदा नाही, पण मूळ देशावरून नोकरीत डावललं, घर नाकारलं तर २००६ चा समान वागणुकीचा कायदा आहे, आणि केंद्र सरकारचं भेदभावविरोधी कार्यालय मोफत सल्ला देतं. येणाऱ्या प्रत्येकाने हे आधीच माहीत करून घ्यावं.

बाकीच्या नजरांवर उपाय म्हणजे ओळखीचं होणं. रोज त्याच वेळी त्याच बेकरीत जायचं. एखाद्या मंडळात नाव घालायचं. इथे गाणं, व्यायाम, आग विझवणं, सगळ्याची मंडळं आहेत. मी 'श्वेबिशर आल्बफेराइन' या १८८८ पासूनच्या डोंगरभटकंतीच्या मंडळात गेले. अंजनेरी, हरिहर चढलेल्या पायांना इथले डोंगर सोपे. दोन-तीन रविवार एकत्र चालल्यावर त्या लोकांनी बघणं सोडलं आणि गुडघेदुखीच्या गोष्टी सांगायला सुरुवात केली.

त्या मंडळातली एक मैत्रीण डिसेंबरात माझ्यासोबत नाशिकला आली होती. पंचवटीत आमच्या घरी राहिली. मिसळ खायला गेलो तर शेजारच्या तिन्ही टेबलांवरचे चमचे थांबले. रामकुंडावर एका कुटुंबाने तान्हं बाळ तिच्या हातात देऊन फोटो काढला; तो तिला मनापासून आवडला. पण गांधी तलावाच्या बाजूने तीन-चार मुलं न विचारता तिचा व्हिडिओ काढत मागे मागे येत होती, तेव्हा ती माझा हात घट्ट धरून चालत होती. आईच शेवटी थांबली आणि म्हणाली, "बाळांनो, आधी विचारावं ना तिला." मुलं ओशाळली, एकाने विचारलंही, आणि ती हसून उभी राहिली. संध्याकाळी गच्चीवर ती म्हणाली, लोक बघतात त्याचं काही नाही, फोन समोर आला की मी माणूस राहत नाही.

मुंबईला जाताना गाडी इगतपुरीला थांबली. फलाटावर पाठीला सॅक लावलेले दोन गोरे तरुण वडापाव खात होते आणि त्यांच्याकडे कोणीही बघत नव्हतं. वडेवाला सुट्टे मागत होता, एवढंच. इथल्या धम्मगिरी या ध्यानकेंद्रात १९७६ पासून विपश्यनेला जगभरचे लोक येतात, इगतपुरीकरांना त्यांची सवय झालीय. मैत्रीण खिडकीतून ते बघून म्हणाली, इथे उतरूया का?

२०२७ च्या सिंहस्थात ती पुन्हा येणार आहे, आणि तिच्यासारखे असंख्य येतील. नाशिककरांनो, बघा, जवळ या, कुठून आलात विचारा, चहा पाजा. घाटावर स्नान करणाऱ्या बाईचा, मग ती कुठल्याही देशाची असो, फोटो काढू नका, आणि शेजारचा काढत असेल तर त्याला तिथल्या तिथे थांबवा.