ताईंचा वॉर्ड

ऑगस्ट २०२५. पुण्याची प्रारूप प्रभागरचना जाहीर झाली आणि मला क्षेत्रीय कार्यालयात हरकतींच्या टेबलावर बसवलं. अर्ज घ्यायचा, शिक्का मारायचा, पोच द्यायची. बैठं काम.

जेवणाच्या सुट्टीत एक बाई आल्या, सत्तरीच्या पुढच्या. आमचा म्हातारा शिपाई डबा सोडून उठला, "ताई, तुम्ही? बसा." २००७च्या नगरसेविका. त्यांनी कापडी पिशवीतून नकाशा काढला. घड्यांवर फाटलेला, मागून चिकटपट्ट्या लावलेला.

"हा माझा वॉर्ड. आता कुठं गेला तेवढं दाखव."

पाच मिनिटांचं काम वाटलं, तास गेला. २००७ला शहरात १४४ वॉर्ड, प्रत्येकाला एकच नगरसेवक. २०१२ला दोघादोघांचे ७६ प्रभाग. २०१७ला ४१, बहुतेक चौघांचे. २०२२साठी तिघांची रचना केली होती, पण तेव्हा निवडणूकच झाली नाही. ते नकाशे कपाटात. आता पुन्हा ४१, एक सोडून सगळे चौघांचे. लोकसंख्या मात्र २०१७सारखीच, २०११च्या जनगणनेची. मधल्या काळात शहर कुठल्या कुठे गेलं, आमच्या तक्त्यातली माणसं २०११चीच आहेत.

नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून दोन्ही खिडकीच्या काचेला चिकटवले, पेन्सिलीनं हद्द गिरवली. तो कागद नव्या नकाशावर ठेवला तर पूर्वेची बाजू बसेना. जुन्या हद्दीत 'ओढ्याच्या मध्यापासून' असं लिहिलेलं, नव्या नकाशात ओढाच नाही. वर स्लॅब पडून पार्किंग झालेलं.

"ओढा आहे रे," ताई म्हणाल्या, "पावसाळ्यात बेसमेंटमध्ये येतो."

मग जुळलं. वॉर्ड दोन प्रभागांत गेला होता. ताईंचं घर एकीकडे, समोरचं नळकोंडाळं दुसरीकडे. त्या नळावरची भांडणं सोडवायला पहाटे पाचला आपण जायचो, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

"आता पाणी आलं नाही तर बायकांनी कुणाचं दार वाजवायचं?"

"चौघं असतात ताई. अ, ब, क, ड."

त्या नुसत्या हसल्या. खरं सांगायचं तर मी राहतो त्या प्रभागातले 'क' जागेचे नगरसेवक कोण होते, हे मलाही आठवत नव्हतं.

वॉर्ड का तोडला, अशी हरकत येईल म्हणून मी कोरा कागद पुढे सरकवला. त्यांनी लिहिलं भलतंच: हद्द दाखवताना नदी, नाले, मोठे रस्ते, रेल्वे पाहायचे असा तुमचाच नियम आहे, तर ओढा नकाशावर दाखवावा. चार ओळी आणि सही. अख्ख्या दिवसात इतकी मुद्द्याची हरकत दुसरी आली नाही. शिक्का मारला, पोच दिली.

"ताई, नकाशा एक दिवस ठेवता? झेरॉक्स काढून घेतो."

"झेरॉक्स काढ. पण मी येते बरोबर, मशीनपाशी उभी राहते."